अनसबस्क्राइबचं बटण आता इनबॉक्सच्या हातात: मेल पाठवणाऱ्यांनी काय तपासावं

जुलै २०२५ मध्ये जीमेलने ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ नावाचं पान आणलं. तिथे तुम्हाला मेल पाठवणाऱ्यांची यादी दिसते. जो जास्त पाठवतो तो वर, नावाजवळ अलीकडच्या आठवड्यांतल्या मेलचा आकडा आणि शेजारी बाहेर पडायचं बटण. मी लोकांची न्यूजलेटर्स सांभाळते, त्यामुळे या पानाबद्दलचा पहिला प्रश्न क्लायंटकडूनच येतो: “हे बटण लपवता येईल का?” येत नाही, आणि येत असतं तरी मी लपवलं नसतं.

कारण ज्याला बाहेर पडायचं बटण सापडत नाही तो ‘स्पॅम’ दाबतो, आणि तोच खरा फटका. जीमेलचं सांगणं आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ टक्क्याला तर कधीच पोहोचू नका. म्हणजे इनबॉक्समध्ये पडलेल्या दहा हजार मेलमागे दहा तक्रारी आल्या की झालीच सीमा. हजार माणसं शांतपणे निघून गेली तर यादी लहान होते. तीसजण चिडले तर उरलेल्यांपर्यंतही मेल नीट पोहोचत नाही.

आता तपासणी. स्वतःला एक मेल पाठवा, जीमेलमध्ये तो उघडून तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ दाबा. वरच्या मजकुरात दोन ओळी शोधा: ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’. पहिली १९९८ पासूनची. दुसरी २०१७ च्या आरएफसी ८०५८ या इंटरनेट-नियमपत्रातली, आणि आजचं एका क्लिकचं बटण चालतं ते या दोन्ही मिळून. दुसरी ओळ लागली कशाला? कंपन्यांची सुरक्षा सॉफ्टवेअर मेलमधल्या लिंक आपणहून उघडून बघतात. नुसती लिंक उघडल्यावर नाव कटलं असतं तर न विचारताच लोक यादीतून गायब झाले असते. म्हणून ही विनंती ‘पोस्ट’ पद्धतीने जाते, म्हणजे नुसती लिंक उघडून नाही, तर बटण दाबल्यावर मुद्दाम पाठवली जाते. दोन्ही ओळी डीकेआयएम सहीखाली (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला हे पटवणारी डिजिटल सही) आल्या पाहिजेत; हे तुमच्या मेल सेवेला थेट विचारा. जीमेलला दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवत असाल तर प्रचाराच्या मेलमध्ये ही सोय सक्तीचीच आहे. ऑर्डरची पावती, पासवर्ड बदलण्याचा मेल यांना लागू नाही.

घोळ बहुतेकदा होतो तो पुढे. गूगल आणि याहू दोघांचीही अपेक्षा आहे की विनंती दोन दिवसांत अमलात यावी. मेल सेवेत नाव लगेच कटतं, पण विक्री विभागाच्या एक्सेलमध्ये ते तसंच असतं. पुढच्या मोहिमेला कुणीतरी तीच फाइल परत चढवतं आणि गेलेला माणूस पुन्हा यादीत! या वेळी तो अनसबस्क्राइब शोधत बसत नाही. म्हणून ‘नको म्हणालेल्यांची’ यादी एकाच जागी ठेवा आणि कुठलीही फाइल चढवण्याआधी तिच्याशी ताडून बघा. फाइल कुणी चढवायची, तेही एकाच माणसाकडे असू द्या. माझा यात हट्ट असतो.

एका क्लिकच्या बटणात ‘आठवड्याऐवजी महिन्याला पाठवा’ असं विचारायची सोय नाही. माणूस तुमच्या पानावर येतच नाही, त्यामुळे ‘का निघालात?’ ही प्रश्नावलीही रिकामी राहते. कमी मेल घ्यायचा पर्याय मग स्वागताच्या मेलमध्येच द्या, आणि दर मेलच्या तळाशी. सवलतींचे मेल आणि माहितीचं पत्र वेगवेगळ्या पत्त्यांवरून पाठवा. सवलतींना कंटाळलेल्याने पत्र का सोडावं?

इनबॉक्स साफ करणारी काही बाहेरची साधनं खरी अनसबस्क्राइब विनंती पाठवतात, काही मात्र तुमचा मेल गुपचूप वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलतात. तुमच्या हिशेबी तो वाचक जागेवरच, प्रत्यक्षात त्याला तुमचं नावही दिसत नाही. ‘ओपन’च्या आकड्यावरून (मेल किती जणांनी उघडला; तो मेलमधलं चित्र उतरलं की मोजतात) हे ओळखायला जाऊ नका, सप्टेंबर २०२१ पासून ॲपल मेलची गोपनीयता सोय मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. क्लिक, उत्तर, खरेदी बघा. काही महिने यातलं काहीच नसेल तर ‘पाठवत राहू का?’ असा एक मेल टाका, आणि उत्तर नाही आलं तर थांबा.

अनसबस्क्राइब अचानक वाढले तर गूगल पोस्टमास्टर टूल्स या मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या साधनातला स्पॅमचा आकडा शेजारी ठेवून बघा (पुरेसे मेल जात असतील तरच तो दिसतो). बाहेर पडणारे वाढले पण तक्रारी घटल्या, तर काही करू नका. दोन्ही वाढले, तर आधी त्या आठवड्यात किती मेल गेले ते मोजा, मग नवे पत्ते कुठून आले ते शोधा. स्पर्धेच्या फॉर्ममधून गोळा केलेले असतील, तर त्यांना पाठवणं त्याच दिवशी थांबवा.