रेडमाइनमध्ये कागदपत्र शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून विकीची मांडणी

रेडमाइन या प्रोजेक्ट-व्यवस्थापनाच्या वेब-साधनात एकच फाइल इश्यूला (कामाच्या नोंदीला) जोडता येते, 'फाइल्स'मध्ये टाकता येते, 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवता येते आणि विकीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या पानांच्या, एखाद्या पानालाही लावता येते. घोळ इथूनच सुरू होतो. म्हणून आधी एक नियम ठरवा: फाइल कुठेही असो, तिच्याकडे जाणारी वाट विकीच्या पानावरून निघाली पाहिजे, आणि ती सगळ्या प्रोजेक्टांत सारखीच असली पाहिजे.

पानांचे झाड. विकीच्या पहिल्या पानाखाली पाच-सहाच मुख्य पाने ठेवा: गरजा, आराखडा, चाचणी, बैठका, हस्तांतर. बाकीचे प्रत्येक पान बनवताना संपादनाच्या फॉर्ममध्येच त्याचे पालक-पान निवडा. नंतर निवडू म्हटले की राहून जाते. मुख्य पानावर दुहेरी महिरपी कंसांत इंग्रजीत 'चाइल्ड_पेजेस' (अंडरस्कोरसह) लिहिले की उपपानांची यादी आपोआप तयार होते आणि नवे पान आले की तीत भर पडते. ही यादी हाताने लिहू नका. ती महिन्याभरात शिळी होते.

नावे ठेवताना दोन गोष्टी नडतात. रेडमाइन नावातली मोकळी जागा अंडरस्कोरने भरते आणि स्वल्पविराम, पूर्णविराम, तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अर्धविराम, अपूर्णविराम व उभी रेघ काढून टाकते. 'आराखडा 1.2' असे नाव दिलेत तर हाती येते 'आराखडा_12'. आवृत्तीचा अर्थच बदलला! आकड्यांमध्ये आडवी रेघ वापरा: 'आराखडा 1-2'. तारीखही वर्षापासून लिहा, 2025-03-14 अशी, म्हणजे नावांच्या यादीत बैठका तारखेनुसार लागतात. दुसरी अडचण अशी की झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर असली, तरी एका विकीत एकाच नावाची दोन पाने चालत नाहीत. म्हणून नुसते 'नोंदी' नको, 'चाचणी-नोंदी' असे पूर्ण नाव द्या.

साइडबार. सर्वांत जास्त फायदा इथे आहे, तरी बऱ्याच ठिकाणी तो रिकामा दिसतो. इंग्रजीत 'साइडबार' या नेमक्या नावाचे विकी-पान तयार केले की त्यातला मजकूर त्या विकीच्या प्रत्येक पानाच्या कडेला दिसतो. त्यात महत्त्वाच्या पानांच्या सात-आठ लिंका पुरेत. पंधरा झाल्या की कोणी वाचत नाही. हे पान मुळातच सुरक्षित असते. ज्याच्या भूमिकेला 'प्रोटेक्ट विकी पेजेस' ही परवानगी आहे, तोच ते बदलू शकतो. दोघांनाच ती द्या.

सगळ्या प्रोजेक्टांत एकच साइडबार असावा म्हणून 'इन्क्लूड' मॅक्रोने (पानात लिहायच्या तयार आज्ञेने) एका प्रोजेक्टातले पान इतरांत ओढण्याचा मोह होतो. पण ज्याला त्या प्रोजेक्टाची विकी पाहण्याची परवानगी नाही, त्याला लिंकांऐवजी त्रुटीचा संदेश दिसतो. 'इन्क्लूड' फक्त सामाईक नियमावलीसाठी ठेवा. स्थानिक लिंकांसाठी एक नमुना-प्रोजेक्ट बनवा आणि नवे काम सुरू करताना अ‍ॅडमिनकडून 'कॉपी' करून घ्या. त्या वेळी विकी-पानांचा चौकोन टिचकी मारून निवडलेला हवा. नमुन्यात लिंका नुसत्या पानाच्या नावाने, दुहेरी चौकटी कंसांत लिहा. नावाआधी प्रोजेक्टाचे नाव जोडलेत, तर कॉपीतल्या लिंकाही जुन्याच प्रोजेक्टात जातील.

तुटणाऱ्या लिंका. पानाचे नाव बदलायचे असेल तर 'रीनेम' वापरा आणि जुन्या लिंका वळवण्याची खूण कायम ठेवा. हेडिंगला मात्र असे संरक्षण नसते. हेडिंगचा शब्द बदलला की तिथे नेणारी लिंक गुपचूप पानाच्या माथ्याशी थांबते, नसलेल्या पानाच्या लिंकेसारखी लाल होत नाही. एकाच पानावर 'निष्कर्ष' हे हेडिंग दोनदा आले, तर दुसऱ्याच्या पत्त्याला -2 जोडला जातो. क्रम बदलला की लिंक भलत्या जागी नेते.

फाइलची सुधारित प्रत त्याच विकी-पानाला अगदी त्याच नावाने लावा. पानावर 'अटॅचमेंट' आणि अपूर्णविराम लिहून दिलेली लिंक त्या नावाची सर्वांत नवी प्रत उघडते. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणांत हवे. ब्राउझरमधला पत्ता उचलून चॅटवर टाकला, तर त्यातल्या क्रमांकामुळे समोरचा कायम जुनीच प्रत उघडत राहतो. म्हणून फाइलचा नव्हे, पानाचा पत्ता पाठवा.

कळफलक. विंडोज किंवा लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये ऑल्ट आणि शिफ्टसोबत एफ दाबले की शोधपट्टीत जाता येते, ई दाबले की चालू पान संपादनासाठी उघडते. शोधपट्टीत इश्यूचा नुसता क्रमांक टाकून एंटर दाबा, थेट तो इश्यू उघडेल. पानाचे नाव आठवत असेल तर शोधताना 'फक्त शीर्षके' निवडा, निकालांची गर्दी बरीच ओसरते.