सातारच्या घाटासाठी टायर: छोट्या दमदार गाडीला नवे टायर निवडताना

जुलै महिना होता. कासवरून खाली उतरत होतो. पाऊस थांबून पाचेक मिनिटं झाली असतील. यवतेश्वरच्या घाटात धुकं दाटलं होतं, रस्त्यावरून लाल पाणी वाहत होतं. डाव्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, पण गाडीचं नाक वळलंच नाही. वेग चाळीसच्या आसपास. ब्रेक दाबला, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर पायाला जाणवली आणि गाडी कठड्यापासून दोन हातांवर थांबली. शेजारी बायको होती. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

टायर गोटा झालेले नव्हते. नक्षी चांगली पाच मिलिमीटर शिल्लक होती. पण ते घेताना मी एकच गोष्ट विचारली होती: किती किलोमीटर चालतील? 'साठ हजार बिनघोर' असं उत्तर मिळालं आणि मी पैसे मोजले. रबर कडक होतं. बनल्याची तारीख नंतर पाहिली, तर दुकानात येईपर्यंतच त्यांना अडीच वर्षं झाली होती.

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय. वजन अकराशे किलोच्या आसपास, ताकद १०५ पीएस (अश्वशक्तीसारखं माप). ही सगळी ताकद, सगळं वजन आणि सगळं ब्रेकिंग चार तळहातांएवढ्या रबरावरून रस्त्यापर्यंत पोचतं. त्या दिवसापासून टायर निवडताना मी सगळ्यात आधी एकच विचारतो: ओल्या घाटात गाडी किती लवकर थांबेल? बाकीचे प्रश्न त्यानंतर. आय-२० एन लाइन, बलेनो आरएस, पुंटो अबार्थ अशी गाडी असणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडेल.

पहिली पायरी: जुने टायर वाचा

दुकानात जाण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरवरून हात फिरवा. घाई करू नका. टायर कसा झिजला यावरून गाडीत काय बिघडलंय ते कळतं, आणि ते दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच झिजतील.

मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. फक्त आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय, आणि ही कड उभ्यानं दिसत नाही, म्हणूनच स्टिअरिंग वळवून बघायचं. एका दिशेनं हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की करवतीसारखं खरखरीत लागतं, तेव्हाही अलाइनमेंटच तपासायचं. जागोजागी खळगे पडल्यासारखी झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर दमलेत का ते मेकॅनिकला दाखवा. मेढा किंवा पाटणच्या बाजूला पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून गाडी जात असेल, तर बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय का हे आतून-बाहेरून पाहा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. असा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी त्याच दिवशी उतरवायचा.

नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरले, आणि गाड्यांसाठी कायद्याची मर्यादाही तीच आहे. माझ्या मते आपल्या पावसाला ती पुरत नाही. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतूनच बाहेर फेकलं जातं. ती तीन मिलिमीटरवर आली की मी जूनच्या आधी टायर बदलतो. खोली मोजायचं छोटं गेज फार महाग नसतं, एक घेऊन गाडीत ठेवा.

दुसरी पायरी: आपले रस्ते लिहून काढा

हे वेळखाऊ वाटेल, पण निवड इथेच ठरते. आपला जिल्हा टायरच्या दृष्टीनं दोन टोकांचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुका दुष्काळाशी झुंजतो. फलटण-दहिवडीच्या रस्त्यावर एप्रिलमध्ये डांबर तापून चमकतं.

तुम्ही दर शनिवार-रविवार पसरणी घाटानं पाचगणीला, केळघरमार्गे महाबळेश्वरला किंवा कुंभार्ली उतरून चिपळूणला जात असाल, तर ओल्या रस्त्यावरची पकड सगळ्यात वर. रोजची धाव सातारा-पुणे असेल, तर खंबाटकी सोडला की बाकी लांब, सपाट हायवे. तिथे आवाज, सरळ रेषेतला स्थिरपणा आणि टिकाऊपणा यांनाही वजन द्या. माण-खटावकडे जास्त जात असाल तर उष्णता आणि धारदार खडी सहन करणारी मजबूत बाजू हवी. ऊस हंगामात रस्त्यावर सांडलेल्या कांड्या आणि ट्रॉल्यांमागचा चिखल सगळ्यांच्याच वाट्याला येतो. त्या ओलसर चिखलावरही पकडच उपयोगी पडते.

तिसरी पायरी: माप समजून घ्या, आणि मोहात पडू नका

माझ्या गाडीवर लिहिलंय १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंचांची. हिशेब सोपा आहे: १९५ चे ५५ टक्के म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर, त्याची दुप्पट साधारण २१४.५, त्यात १६ इंच म्हणजे ४०६.४ मिळवा. टायरचा पूर्ण व्यास आला सुमारे ६२१ मिलिमीटर. स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरची गणितं याच व्यासावर बांधलेली असतात. माप बदलायचंच असेल तर नवा व्यास मूळच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा. शक्य तेवढा जवळच ठेवा.

दुकानात हमखास ऐकू येतं, "साहेब, दोनशेपाच टाका की, गाडी बसल्यासारखी दिसंल." २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ येतो, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. त्या मोठ्या व्यासानं स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं कमी दाखवू लागतं, ही मोठी गोष्ट वाटत नाही. पण पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासला, तर? शिवाय रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण तेच वजन जास्त जागेवर पसरतं आणि पाणी बाहेर ढकलायला दाब कमी पडतो. कोरड्या ट्रॅकवर रुंदीचा फायदा असतो. ओल्या घाटात, आपल्या वेगात मला तो दिसला नाही. मी 'नको दादा, मूळ मापच द्या' असं म्हणतो.

रिमच मोठी करून १७ इंची करण्याचा मोह त्याहून महागात पडतो. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ च्या आसपास बसतो, म्हणून कागदावर ठीक दिसतं. पण बाजूची भिंत १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा धक्का पेलणारं रबर तेवढं कमी झालं. रिम वाकली किंवा टायरला फुगा आला की दिसणं तिथेच संपतं.

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ८७ व्ही. ८७ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५४५ किलो वजन पेलतो. अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, एच २१०, व्ही २४०. असा वेग आपण गाठणार नसलो तरी वरच्या अक्षराचा टायर साधारणपणे उष्णता जास्त सोसतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि दाराच्या आतल्या स्टिकरवर जे लिहिलंय, त्याच्या खाली कधीही उतरू नका. वरचं चालतं.

चौथी पायरी: नावांच्या मागची जात ओळखा

एकाच कंपनीचे दोन टायर दोन वेगळ्या स्वभावांचे असतात, म्हणून फक्त कंपनी सांगून भागत नाही. ब्रिजस्टोनचंच पाहा: पोटेंझा हे घराणं वेगवान गाड्यांसाठी, तुरांझा आरामासाठी, इकोपिया इंधन वाचवण्यासाठी. मिशेलिनमध्ये पायलट स्पोर्ट पकडीकडे झुकतो, प्रायमसी शांतपणाकडे. योकोहामात अॅडव्हान आणि ब्ल्यूअर्थ अशीच दोन टोकं आहेत. इंधन वाचवणारा टायर वाईट नसतो, पण छोट्या दमदार गाडीची मजा आणि थांबण्याची ताकद त्यात बऱ्याचदा कमी होते. आपल्या घाटांसाठी मी पहिल्या किंवा मधल्या गटातला, रुंद लांब खाचा असलेला टायर निवडतो. जवळजवळ गुळगुळीत दिसणारा ट्रॅकचा टायर आणि जाडजूड ठोकळ्यांचा कच्च्या रस्त्याचा टायर, दोन्ही इथे नकोत.

काही टायरवर 'ट्रेडवेअर' असा आकडा कोरलेला असतो. तो जितका मोठा, तितकं रबर सावकाश झिजतं आणि बहुधा कडकही असतं. कंपन्या तो आपापल्या चाचणीवरून ठरवतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला वापरा, दोन कंपन्यांची नको. मऊ रबरामुळे साठ हजारऐवजी पस्तीस-चाळीस हजार किलोमीटरच मिळाले तरी मला चालतं. त्या फरकाचे पैसे मी यवतेश्वरच्या कठड्याशी तोलून पाहिलेत.

हवं ते माप हव्या त्या नावात मिळेलच असं नाही. जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर सरकारनं निर्बंध घातले. त्यामुळे भारतात तयार होणाऱ्या टायरांतूनच बहुतेक निवड करावी लागते. सातारच्या हायवेलगतच्या दुकानांत नसेल तर पुणे किंवा कोल्हापूरहून मागवतात. चार-सहा दिवस थांबा. 'आहे ते टाकून घ्या' यात अडकू नका. आयएसआय खूण तेवढी पाहाच.

पाचवी पायरी: तारीख, बिल आणि दोन की चार

बाजूच्या भिंतीवर 'डीओटी' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ लिहिलं असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, आणि ते रिमवर चढवण्याआधी वाचा. चढवल्यावर भांडण अवघड जातं. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या आतला चालेल. त्यापेक्षा जुना मी परत पाठवतो, सवलत कितीही देऊ केली तरी.

भाव विचारताना टायर, जीएसटी, चढवणावळ, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून एकच रक्कम मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर तो बघा. पक्कं बिल आणि वॉरंटीची नोंद घेतल्याशिवाय निघू नका.

चारही बदलणं सर्वांत चांगलं. दोनच परवडत असतील तर नवे मागच्या चाकांना घाला. इथे बहुतेक जण, अगदी टायरवालेसुद्धा, उलटं सांगतात, कारण पुढची चाकं गाडी ओढतात आणि लवकर झिजतात. पण पुढची पकड सुटली तर वेग कमी केल्यावर गाडी बहुधा परत हातात येते. ओल्या वळणावर मागची सुटली की गाडी गोल फिरते, आणि ते सावरणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं असतं. एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीला, दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर तर कधीच नकोत.

सहावी पायरी: चढवताना उभे राहा

काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर 'बाहेरची बाजू' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. कामगार गडबडीत असतो, तुम्ही बघा. अलॉय चाकांच्या नटांना हवेची गन पूर्ण ताकदीनं लावू देऊ नका. शेवटचा पीळ टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या मापाएवढाच पीळ देणारा पाना), पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे द्यायला सांगा. शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासून घ्या.

हवा गाडी थंड असताना, दारावरच्या आकड्याप्रमाणे भरा. घाट उतरून आल्यावर टायर तापलेला असतो आणि दाब चार-पाच पीएसआयनं वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडू नका, सकाळी टायर कमी हवेवर उभा असेल. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही, साध्या हवेतच तो सुमारे ७८ टक्के असतो.

नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचा चिकटपणा थोडा शिल्लक असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर वळणं सावकाश घ्या, ब्रेक लवकर लावा. मी ते अंतर साताऱ्याहून कराडकडच्या हायवेवर काढतो, घाट नंतर. मग एखाद्या पावसाळी सकाळी, मागे-पुढे कोणी नसलेल्या सपाट रस्त्यावर, चाळीसच्या वेगानं एकदा जोरात ब्रेक दाबतो आणि गाडी कुठे थांबते ते बघतो. त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा आणि चारही टायरची तारीख डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत लिहून ठेवतो. आठ-दहा हजार किलोमीटर झाले की ती वही काढून पुढचे टायर मागे, मागचे पुढे करायची वेळ झाली का ते पाहतो.