कर्नल अपग्रेडनंतर लॅपटॉप तापतोय, बॅटरी उतरतेय? या चुका टाळा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपग्रेड केल्यावर काही लॅपटॉपवर दोनपैकी एक तक्रार येते. एक तर काहीच काम चालू नसताना पंखा घोंघावत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, नाहीतर प्रोसेसर सगळ्यात कमी वेगावर अडकून बसतो. दोष लगेच नव्या कर्नलला दिला जातो. बऱ्याचदा मात्र जुन्या कर्नलसाठी केलेली सेटिंग्ज नव्यावर तशीच राहिलेली असतात.

ड्रायव्हर न बघता गव्हर्नर बदलणे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रोसेसरचा वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा याचं धोरण म्हणजे गव्हर्नर, आणि तो वेग प्रत्यक्ष सांभाळणारा कर्नलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. आधी प्रोसेसरच्या वेगाची सेटिंग्ज असलेल्या 'सीपीयूफ्रीक' फोल्डरमधली 'स्केलिंग ड्रायव्हर' ही फाइल उघडून बघा. एएमडीचा नवा पी-स्टेट ड्रायव्हर २०२२ मध्ये कर्नल ५.१७ सोबत आला, आणि ६.५ पासून तो बऱ्याच रायझन लॅपटॉपवर आपोआप 'अॅक्टिव्ह' मोडमध्ये सुरू होतो. म्हणजे ६.२ वरून ६.५ वर गेलात, तर तुम्ही काहीही न करता ड्रायव्हरच बदललेला असू शकतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरवरचे 'ऑनडिमांड' आणि 'शेडयुटिल' हे गव्हर्नर या मोडमध्ये नसतात. उरतात फक्त 'परफॉर्मन्स' आणि 'पॉवरसेव्ह'. बूट होताना 'ऑनडिमांड' लावणारी तुमची जुनी स्क्रिप्ट तिथे गुपचूप फसते.

यादीत 'पॉवरसेव्ह' दिसलं की लोक दचकतात. जुन्या ड्रायव्हरवर त्याचा अर्थ किमान वेग असाच होता. इंटेल आणि एएमडीच्या पी-स्टेट ड्रायव्हरच्या अॅक्टिव्ह मोडमध्ये तसं नाही. तिथे वेग कामाप्रमाणे वरखाली होतो आणि रोजच्या वापरासाठी हाच गव्हर्नर योग्य. 'परफॉर्मन्स' लावलात, तर ऊर्जेची पसंती, म्हणजे ईपीपी, त्याच टोकाला अडकते. मग ती बदलायला गेलं की 'डिव्हाइस बिझी' असा एरर येतो आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

बूटचे जुने पॅरामीटर विसरणे

कधीकाळी लॅपटॉप फ्रीझ होत होता म्हणून इंटरनेटवर वाचून ग्रबमध्ये, म्हणजे कर्नल बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'इंटेल आयडल मॅक्स सी-स्टेट = १' टाकलं असेल, तर प्रोसेसरला गाढ झोप लागूच शकत नाही. 'प्रॉक' फोल्डरमधली 'सीएमडीलाइन' फाइल वाचा, त्यात बूटचे पॅरामीटर दिसतात. ज्या पॅरामीटरचं कारण आता सांगता येत नाही, तो काढा, ग्रब अपडेट करा आणि रीस्टार्ट करून बघा. एका वेळी एकच काढा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

दोन कारभारी ठेवणे

टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन हे वीजबचत सांभाळणारे दोन प्रोग्राम एकत्र चालवू नका. दोघं एकाच सेटिंगवर एकमेकांचं लिहिलेलं पुसत राहतात. डेमन नको असेल तर नुसतं डिसेबल करून भागत नाही, डेस्कटॉप त्याला पुन्हा जागं करू शकतो. मास्क करा, म्हणजे तो सुरूच होऊ शकणार नाही.

जुना कर्नल काढून टाकणे

निदान महिनाभर तरी तो राहू द्या. वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवरच अडकला असेल, तर ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल बूट करा. तिथेही तेच दिसलं, तर कर्नलचा पिच्छा सोडा. चार्जर ओळखला न जाणे किंवा बोर्डाकडून आलेला 'प्रोकहॉट', म्हणजे प्रोसेसर तापल्याचा, इशारा हेही कारण असू शकतं. चार्जर काढून, दुसरा लावून बघा, बायोस अपडेट तपासा.

जुन्यावर सुरळीत आणि नव्यावर बिघाड, असं असेल तर मात्र मोजमाप घ्या. नुसत्या मेगाहर्ट्झच्या आकड्यावर जाऊ नका. चार्जर काढून पॉवरटॉपमध्ये वॅट बघा आणि टर्बोस्टॅटमध्ये सी-स्टेटची, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्यांची, टक्केवारी. उबुंटूवर टर्बोस्टॅटसाठी त्याच कर्नल आवृत्तीचं टूल्स पॅकेज लागतं, नाहीतर कमांड चालतच नाही. दोन्ही कर्नलवरचे हे आकडे, ड्रायव्हरचं नाव आणि डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) लॉग बग रिपोर्टला जोडा. 'बॅटरी लवकर संपते' एवढंच लिहिलं, तर डेव्हलपर त्याच गोष्टी परत विचारणार.