अमळनेरहून विनोद लिहायला निघालेल्यांसाठी

टीव्हीसाठी विनोद लिहायचाय म्हणून गावाकडच्या पोरांचे फोन येतात. मी आधी विचारतो, घरात आईशी कोणत्या भाषेत बोलतोस? अहिराणीत, असं उत्तर आलं की मला बरं वाटतं. मुंबईत पहिली दोन वर्षं मी स्वतःची भाषा पुसून लिहीत होतो. स्किट वाचायला नीटनेटकं असायचं, हसायचं मात्र कोणी नाही. मग भरीत पार्टीवर लिहिलं. शेतात काड्यांवर वांगी भाजली जाताहेत, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीवरून जावई रुसून बांधावर जाऊन बसलाय. सासू विचारते, 'काय व्हयनं, जवाईबापू?' वाचनाच्या खोलीत पहिल्यांदा हशा पडला, तो या ओळीला. मात्र खान्देशी माणूस बावळट दाखवून हशा मागू नका. मी ते कधीच लिहीत नाही.

पंचचा, म्हणजे ज्यावर हशा पडतो तो, शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा. 'मामाने पाच किलो वांगी आहेर म्हणून दिली' यात वांगी मधेच सांडतात. 'मामाने आहेर केला. घसघशीत. पाच किलो वांगी.' आता मोठ्याने वाचून बघा. नट कुठे श्वास घेईल, ते कागदावरच ठरतं.

पुढे मी निर्मितीत आलो, तेव्हा लेखक म्हणून केलेल्या चुका दिसायला लागल्या. पहिल्या स्किटमध्ये मी बैलगाडी लिहिली होती. खरा बैल शूटिंगला आणायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. शिवाय वाहतूक, चारा, सांभाळणारा माणूस. शेवटी बैल विंगेतच ठेवला, नुसत्या घुंगरांचा आवाज, आणि नट त्या दिशेला बघून घाबरतो. हशा दुप्पट झाला. तेव्हापासून नवीन लेखकाचं स्किट हातात आलं की मी आधी माणसं आणि सामान मोजतो. पात्रं चार, जागा एक, एवढ्यात गोष्ट बसत असेल तर पुढे वाचतो. ढोबळमानाने एक पान म्हणजे एक मिनिट धरा.

आता पैशांचं. माझं एक स्किट माझ्या नावाशिवाय प्रसारित झालं, मानधनही मिळालं नाही, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. ती सल अजून जात नाही. म्हणून सांगतो, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या, संहिता पाठवण्याआधी तिथे ऑनलाइन नोंदवा. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आहे. करारात नाव, रक्कम आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय सही नको.

मुंबई गाठायची घाई करू नका. जळगावच्या विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवात प्रहसन करा, जळगावच्या राज्य नाट्य स्पर्धेत मागच्या रांगेत बसा. तिथे लोक कोणत्या शब्दाला हसतात, ते वहीत तिथल्या तिथे टिपा. घरी येईपर्यंत शब्द बदलतो.