छोट्या हॉलमधला लाइव्ह अल्बम कसा रेकॉर्ड करायचा

गिग संपली की साऊंडवाल्याकडून पेनड्राइव्हवर स्टिरिओ मिक्स घ्यायचा आणि तोच अल्बम म्हणून काढायचा, हा बेत जवळपास नेहमी फसतो. लोअर परळ किंवा खारमधल्या दीड-दोनशे माणसांच्या जागेत ड्रम्स आणि गिटारचे अँप स्टेजवरूनच इतके दणदणतात की साऊंडवाला ते स्पीकरमध्ये फारसे घेतच नाही. म्हणून त्या मिक्समध्ये गायक कानाशी, किक (ड्रम्समधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) छातीत आणि गिटार शेजारच्या इमारतीत वाजतेय असं ऐकू येतं. प्रेक्षक तर त्यात नसतातच. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर उतरायला हवा.

जागेवरचा डेस्क, म्हणजे साऊंडवाल्याचा मिक्सर, कोणता आणि त्यात कार्ड कोणतं, हे आठवडाभर आधी विचारा. बेहरिंगर एक्स३२ किंवा मिडास एम३२ असेल आणि यूएसबी कार्ड बसवलेलं असेल, तर ३२ चॅनेल थेट लॅपटॉपवर घेता येतात. सिग्नल गेननंतर (माइकचा आवाज डेस्कमध्ये शिरताना वाढवणारं बटण) लगेच, आवाजाचा पोत बदलणारा ईक्यू, चढ-उतार दाबणारा कॉम्प्रेसर आणि पातळी ठरवणारी सरकपट्टी, म्हणजे फेडर, यांच्या आधी उचला. म्हणजे हॉलसाठी साऊंडवाला काहीही फिरवो, तुमच्या ट्रॅकला धक्का नाही. गेन मात्र हॉल आणि रेकॉर्डिंग दोन्हींना सामाईक असतो, त्यामुळे शो सुरू झाल्यावर गेनला हात लावायचा नाही, हे त्याच्याशी आधीच ठरवा. साऊंडचेकमध्ये पीक, म्हणजे सर्वात जोरातला क्षण, उणे १५ डीबीच्या आसपास ठेवा. लोक भरले की ड्रमर हमखास जोरात वाजवतो आणि पाच-सहा डीबी कुठून तरी येतातच.

चार जणांच्या बँडचा हिशेब असा: किक, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर टांगलेले माइक); बेसचा डीआय (वाद्याची वायर थेट डेस्कला जोडणारी डबी) आणि अँपसमोर एक माइक; दोन गिटार; तीन गळे; बँडच्या बॅकिंग ट्रॅकच्या लॅपटॉपचे दोन; प्रेक्षकांचे चार. एकूण १९. हॉलला ओव्हरहेडची गरज नसली तरी ते लावायला लावा, फेडर खाली ठेवला तरी ट्रॅक उतरतो. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो, म्हणजे दीड तासाचे १९ ट्रॅक साधारण १५ जीबी. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ सॅम्पल ठेवा, वायफाय आणि स्लीप बंद करा, चार्जर लावूनच ठेवा. यूएसबीची वायर पाच मीटरच्या आत हवी.

खरा अल्बम प्रेक्षकांच्या माइकांत असतो, आणि बजेट कमी पडलं की नेमके तेच गाळले जातात. दोन कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारे माइक) स्टेजच्या दोन्ही कडांवर, पाठ स्पीकरकडे आणि तोंड लोकांकडे करून लावा. दोन मागे डेस्कजवळ. हे चार स्पीकरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका, फीडबॅक, म्हणजे स्पीकरची कर्कश शिट्टी, ठरलेला. मागचे माइक स्टेजपासून १२ मीटरवर असतील तर आवाज तिथे सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिक्स करताना ते ट्रॅक तेवढे आधी, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे, ओढा, नाहीतर स्नेअरचे दोन फटके ऐकू येतील. दीडशे हर्ट्‌झखालचं या चार ट्रॅकमधलं सगळं कापून टाका. पावसाळ्यात एसी स्टुडिओतून आणलेले कंडेन्सर दमट हवेत लगेच उघडू नका. आत दव धरलं की चरचर सुरू होते. बंद पेटीतच अर्धा तास ठेवा.

हम, म्हणजे विजेची घूं-घूं, आला तर ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीत शोधा. अँप एका सॉकेटवर, डेस्क भलत्याच लाइनवर आणि दिव्यांचा डिमर तिसरीकडेच, असं असलं की तो येतो. अँप आणि डेस्क एकाच लाइनवर आणा, डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. अर्थिंगची पिन कापण्याचा उपाय सुचवणाऱ्याला स्टेजवरून खाली उतरवा. जादा वायरी लॅमिंग्टन रोडवरून आधीच घेऊन ठेवा, ऐन वेळी कुणी देत नाही.

उघड्यावरचा शो असेल तर एरवी रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद होतात. त्यामुळे साऊंडचेक आखडला जातो आणि रेकॉर्डिंगची चाचणी सगळ्यात आधी कापली जाते. तिच्यासाठी २० मिनिटं वेगळी मागून घ्या. शक्य असेल तर दोन रात्री रेकॉर्ड करा. बिघडलेली ओळ दुसऱ्या रात्रीतून उचलता येते, पण ड्रमर क्लिकवर (कानातल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) वाजवत असेल तरच ती बसते.

मिक्समध्ये सर्वात जास्त छळतो तो गायकाचा माइक. ओळ संपवून तो दोन पावलं मागे सरकला की त्या ट्रॅकवर नुसत्या सिम्बल, म्हणजे ड्रम्सच्या झांजा, उरतात. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावलात तर त्या आत-बाहेर करत राहतात. त्यापेक्षा ओळींच्या मधल्या जागा हाताने सहा-आठ डीबी खाली ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा चांगला मार्ग नाही. सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारा) माइक असेल तर मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेले स्टेजवरचे स्पीकर, सरळ समोर न ठेवता थोडे बाजूला, तिरके ठेवा. त्याची बहिरी बाजू अगदी मागे नसते.

टाळ्या पुढच्या गाण्यात सलग विरघळू द्या. गाण्याआधीची बडबड मात्र आधीच्या ट्रॅकच्या शेपटाला जोडा, म्हणजे शफलवर ऐकणाऱ्याला थेट गाणं मिळतं. स्टुडिओत झालेल्या गाण्याच्या लाइव्ह ट्रॅकला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) घ्या, जुना चिकटवू नका.