कंबर धरू नये म्हणून: बसणं, वाकणं, उचलणं

खाली पडलेलं पेन उचलायला वाकलात आणि उसण भरली, तर त्यात पेनाचा दोष थोडाच असतो. त्याआधी सलग तीन-चार तास पाठीचा बाक काढून बसलेलं असतं, पोटापाठीचे स्नायू कमजोर झालेले असतात आणि पेन हे फक्त निमित्त ठरतं. बहुतेक कंबरदुखी स्नायू किंवा अस्थिबंध (हाडं एकमेकांना जोडणारे चिवट पट्टे) ताणल्याने होते. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबण्याचं प्रमाण त्या मानाने बरंच कमी. नस दबली असेल तर कळ बहुधा नितंबातून मांडीमागून गुडघ्याखाली उतरते.

वजन उचलण्याची पद्धत एकदा नीट अंगवळणी पाडा. वस्तूच्या अगदी जवळ जा, पावलं खांद्यांइतकी फाकवा. मग पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकला आणि गुडघे वाकवा, म्हणजे वाक खुब्यातून येतो. ओझं पोटाशी धरून पायांच्या जोरावर उठा. तेच ओझं हात लांब करून धरलं की तरफेच्या नियमाने कंबरेवरचा ताण कितीतरी वाढतो. वळायचं झालं तर पावलं टाकून वळा. वाकलेल्या अवस्थेत ओझ्यासकट कंबर पिळणं सर्वांत घातक. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास खोल वाकणं आणि जड उचलणं टाळा.

बसताना पावलं जमिनीला पूर्ण टेकवा, गुडघे साधारण काटकोनात ठेवा आणि कंबरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी द्या. मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून ठेवा. मात्र कितीही महागडी खुर्ची घेतली तरी दर ३०-४० मिनिटांनी उठून दोन मिनिटं चालण्याला पर्याय नाही.

व्यायाम दोनच करा, पण रोज. पहिला: उताणे झोपून गुडघे दुमडा, नितंब उचला, ५ सेकंद थांबा, असं १० वेळा. दुसरा: हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, ५ सेकंदांनी बाजू बदला, दोन्ही बाजूंनी ८-८ वेळा. इथे पाय फार वर नेला की कंबरेला झोल पडतो आणि व्यायामानेच दुखणं वाढतं. पाय नितंबाच्या उंचीपर्यंतच न्या. जोडीला रोज अर्धा तास चाला.

कंबर धरलीच तर अंथरुणाला खिळू नका. एखाद-दुसरा दिवस काम हलकं ठेवा, शेक घ्या आणि सोसेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. लगेच एमआरआय काढण्याचीही घाई नको: अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयमध्येसुद्धा झिजलेल्या गाद्या दिसतात आणि उगाच धास्ती बसते.

काही लक्षणं मात्र अंगावर काढू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडण्याचा मार यांच्यासोबत कंबर दुखत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.