चेतापेशीतले मायटोकॉन्ड्रिया मोजताना या चुका टाळा

‘ग्लुटामेट दिल्यावर मायटोकॉन्ड्रियाचं पोटेन्शियल कोसळतं.’ दर वर्षी एमएस्सीच्या एखाद्या तरी प्रबंधात हे वाक्य भेटतं. ग्लुटामेट म्हणजे चेतापेशींना उत्तेजित करणारा संदेशवाहक रेणू, पोटेन्शियल म्हणजे मेम्ब्रेनच्या, आवरणाच्या, आतबाहेरचा विद्युत दाबाचा फरक. खाली टीएमआरएम या चमकणाऱ्या डायचा आलेख, उजवीकडे घसरत गेलेली रेघ. समासात मी पेन्सिलीने एवढंच लिहिते: नक्की कुठल्या मेम्ब्रेनचं?

टीएमआरएम हा धन भाराचा डाय. जिकडे ऋण भार तिकडे तो जमतो, आणि दर 60 मिलिव्होल्टला साधारण दहापट. डिशमध्ये 20 नॅनोमोलर डाय आहे असं धरा. पेशीचं आवरण उणे 60 वर असेल तर सायटोप्लाझममध्ये 200 नॅनोमोलर होतो. आतला मायटोकॉन्ड्रिया त्याहून आणखी उणे 180 वर, म्हणजे हजारपट: 200 मायक्रोमोलर. आता ग्लुटामेटने पेशीच्या आवरणातले चॅनल उघडले आणि तिथलं पोटेन्शियल शून्यावर आलं. सायटोप्लाझममध्ये 20 नॅनोमोलर उरला, मायटोकॉन्ड्रियात 20 मायक्रोमोलर. चमक दहापट घसरली आणि मायटोकॉन्ड्रिया आपला उणे 180 वर जागच्या जागी! डाय बाहेर झिरपायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे रेघ सावकाश उतरते आणि ‘हळूहळू बिघाड होतोय’ असं फारच पटण्यासारखं दिसतं.

उपाय अवघड नाही. वेगळ्या डिशमध्ये कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड वाढवून नुसतं पेशीचं आवरण डीपोलराइज करा, म्हणजे त्याचं पोटेन्शियल शून्याकडे आणा, आणि रेघ किती उतरते ते बघा. ग्लुटामेटची घसरण तेवढीच असेल तर मायटोकॉन्ड्रियाबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. शिवाय औषध घालायचं बफर बिनडायचं नको. एक मिली डिशमध्ये एक मिली कोरं बफर ओतलंत की डाय निम्मा झाला, आणि रेघ तुमच्या पिपेटमुळे पडली.

याच डायने आमचे तीन आठवडे खाल्ले होते. मी नवी असताना एक संयुग दिल्यावर चमक झपकन वाढली. पोटेन्शियल वाढलं, पेशी वाचली, असं म्हणून आम्ही पेढेसुद्धा आणले. पेढा तोंडात असतानाच सिनिअर म्हणाली, ‘शेवटी एफसीसीपी घालून बघितलंस?’ घातलं. एफसीसीपी प्रोटॉनची वाट मोकळी करून पोटेन्शियल पाडतं, चमक पडायला हवी होती. ती आणखी वर गेली. डाय आम्ही 200 नॅनोमोलर घेतला होता. इतका डाय आत दाटला की रेणू एकमेकांची चमक दाबतात. पोटेन्शियल पडलं की डाय बाहेर सांडतो, गर्दी मोडते आणि उजेड वाढतो. आमचं तारणहार संयुग मायटोकॉन्ड्रियाला पाडत होतं. तेव्हापासून नवा स्टॉक उघडला की पहिल्या डिशमध्ये एफसीसीपी. चमक सरळ उतरली तरच पुढचं काम, उसळली तर डाय कमी करायचा.

रेघ स्थिर राहिली म्हणूनही खूश होऊ नका. मायटोकॉन्ड्रियाची श्वसनसाखळी बंद पडली तरी एटीपी सिंथेज (एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन बनवणारं एन्झाइम) उलटं फिरतं, ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर साखर मोडून, आलेलं एटीपी मोडून प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि पोटेन्शियल टिकवून धरतं. बाहेरून सगळं झकास, आत उसनवारी. हे पकडायला एटीपी सिंथेज बंद करणारं थोडं ऑलिगोमायसिन पुरतं. मायटोकॉन्ड्रिया खरंच एटीपी बनवत असेल तर पोटेन्शियल किंचित वाढतं, कारण प्रोटॉन परत यायची वाट बुजते. उसनवारी चालू असेल तर ते पडतं. इतका स्वस्त आणि इतका बोलका प्रयोग दुसरा नसेल, तरी दहातल्या आठ जणांनी तो केलेला नसतो. (आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्वेक्षणाचा नाही.)

आता पेशींच्या खाण्याकडे. चेतापेशींच्या नेहमीच्या मीडियात (ज्या द्रवात त्या वाढवतात त्यात) ग्लुकोज 25 मिलिमोलर असतं. माणसाच्या मेंदू-मेरुद्रवात ते साधारण अडीच ते साडेचार. चेतापेशीऐवजी वापरतात ती एसएच-एसवाय5वाय तर ट्यूमरमधून आलेली पेशी, एवढ्या साखरेत ती ग्लायकोलिसिसवर मजेत जगते. मग श्वसनसाखळी अडवणारं रोटेनोन देऊनही ती मरत नाही आणि विद्यार्थी स्टॉक खराब निघाला म्हणून नवी बाटली मागवतो. बाटली चांगलीच असते. या पेशींना काही दिवस ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर ठेवा, मायटोकॉन्ड्रियाशिवाय त्यांचं भागेनासं होईल. उंदराच्या मेंदूतून काढलेल्या चेतापेशींवर मात्र हाच डाव आंधळेपणाने लावू नका. तिथे ग्लुकोज कमी करून पायरुव्हेट किंवा लॅक्टेट देणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

लुसिफरेज या उजेड पाडणाऱ्या एन्झाइमने मोजलेलं एटीपी बदललं नाही म्हणजे ऊर्जा ठीक, हेही खरं नाही. ती शिल्लक आहे, उलाढाल नव्हे. क्रिएटिन फॉस्फेट हा पेशीतला राखीव साठा बराच वेळ शिल्लक सांभाळतो. आणि एमटीटी या पेशी जिवंत आहेत का ते बघायच्या चाचणीचा रंग फिका पडला की ‘मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड’ लिहिणं सोडा, तो रंग सायटोप्लाझममधली एन्झाइमंही बनवतात.

संदेशाच्या बाजूच्या तक्रारी वेगळ्या. ‘एनएमडीए दिलं, कॅल्शियम हललंच नाही.’ एनएमडीए ग्लुटामेटचा एक रिसेप्टर उघडून कॅल्शियम आत सोडतं. बफर बघा. एक मिलिमोलर मॅग्नेशियम असेल तर विश्रांतीत असलेल्या पेशीत ते रिसेप्टरचं तोंड बुजवून बसतं. शिवाय ग्लायसिन लागतंच. मीडियात ते आयतं असतं, साध्या बफरमध्ये तुम्हीच घालायचं. उलट तक्रार: ‘मीडिया बदलला आणि सकाळी निम्म्या पेशी मेल्या.’ सीरम घातलं होतं का? सीरममध्ये ग्लुटामेट असतं, आणि त्याचा अतिरेक चेतापेशी मारतो. सगळा मीडिया एकदम कधीच काढू नये, अर्धाच बदलावा, हे मला हातात पिपेट मिळाली त्याच दिवशी सांगितलं होतं. तरी एकदा केलंच.

प्रस्तावनेतली एक नक्कलही थांबवा. चेतापेशींची संदेशवहनाला लागणारी 47 टक्के ऊर्जा अॅक्शन पोटेन्शियलवर, म्हणजे पेशीतून धावणाऱ्या विद्युत स्पंदांवर, जाते, हा अॅटवेल आणि लॉफलिन यांचा 2001 मधला हिशोब कृंतकांच्या मेंदूचा. त्यात अॅक्शन पोटेन्शियलला लागणारं सोडियम मोजमापातून नव्हे, अंदाजाने धरलं होतं. पुढे मोजमाप झाल्यावर सस्तन प्राण्यांच्या चेतापेशी बऱ्याच काटकसरी निघाल्या. 2012 च्या दुरुस्त हिशोबात सेरेब्रल कॉर्टेक्ससाठी अॅक्शन पोटेन्शियलचा वाटा सुमारे 21 टक्क्यांवर आला आणि निम्मा खर्च संदेश घेणाऱ्या बाजूच्या ग्लुटामेट रिसेप्टरांच्या नावावर गेला. म्हणजे आत शिरलेलं सोडियम पंपाने परत बाहेर काढण्याचा खर्च, तीन सोडियममागे एक एटीपी.

शेवटचा संशय लेझरवर घ्या. टीएमआरएमवर जोराचा प्रकाश पडला की ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि मायटोकॉन्ड्रिया एकेक करून विझायला लागतात, औषध नसतानाही. एका डिशमध्ये काहीही न घालता तेवढाच वेळ, तेवढ्याच फ्रेम घ्या. ती रेघही उतरत असेल तर ग्लुटामेटची डिश काढायची घाई नको, आधी लेझर कमी करा.